बर्फातला सतराचा पाढा

डिसेंबर लागला की आमच्या ब्लॉकमधल्या, म्हणजे इमारतीतल्या, बायकांचं अर्धं लक्ष आभाळाकडे असतं. कारण बांबू. इथे सिंगापूरला, बुकित पंजांग भागात, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर भिंतीत नळ्या बसवलेल्या आहेत. कपडे बांबूवर चढवायचे, बांबू खिडकीतून बाहेर काढायचा आणि नळीत खोचायचा. दहाव्या मजल्यावरून ओल्या जीन्सच्या वजनाने वाकलेला बांबू एकटीने पेलता यायला लागला, तेव्हा मला आपण इथले झालो असं पहिल्यांदा वाटलं होतं. पण डिसेंबरात सकाळी खोचलेला बांबू अर्ध्या तासात आत घ्यावा लागतो. समोरच्या ब्लॉकमागे काळं झाकोळून येतं, कुठल्यातरी मजल्यावरून कुणीतरी ओरडतं आणि वरपासून खालपर्यंत बांबू सटासट आत जायला लागतात. मग पाऊस जो लागतो तो लागतोच. चपलांना वास येतो, घट्ट झाकणाच्या डब्यातला चिवडासुद्धा सादळतो.

या पावसात मला दरवर्षी बर्फ आठवतो. आता आधीच सांगून टाकते, मी बर्फ पाहिलेला नाही. फ्रीजमधला आणि गोळ्याचा सोडला तर नाहीच. वर्गणी काढून जपानला बर्फ बघायला जाणारे आमच्यातले पुष्कळ आहेत, मी गेलेली नाही आणि जाणारही नाही. मी बर्फ फक्त ऐकला आहे, एकदाच, पाऊण तास, आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या फोनच्या स्पीकरवर.

ईरा तेव्हा सहा वर्षांची होती, म्हणजे दोन हजार चार-पाचचा सुमार. माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, त्याच्या कंपनीने तीन महिन्यांसाठी अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका गावाला पाठवलं होतं. कुठल्याशा बँकेचे कॉम्प्युटर एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हलवायचे होते. त्याला जायचं नव्हतं. थंडी सोसणार नाही म्हणाला, जेवणाचे हाल होतील म्हणाला, ईराची आठवण येईल म्हणाला. मी सगळं खोडून काढलं. चांगी बिझनेस पार्कमधल्या त्याच ऑफिसात त्याच्या मागून आलेले लोक मॅनेजर होऊन बसले होते आणि हा अजून होता तिथेच. या वेळी नाही म्हणालास तर पुढच्या वेळी विचारणारसुद्धा नाहीत, असं मी त्याला ऐकवलं. माझा स्वभावच तसा आहे, मनात आलं की ओठांवर येतं. तो गेला. जाताना विमानतळावर त्याने ईराला इतका वेळ धरून ठेवलं की शेवटी तीच म्हणाली, पपा, कॅन ऑलरेडी, लेट गो लाह.

त्याच्या नकारामागचं खरं कारण मला ठाऊक होतं. गाडी. श्रीकांतला गाडीची भीती वाटते. पुण्यात त्याने लायसन काढलं ते कसं काढलं हे पुणेकरांना सांगायला नको. मैदानात इंग्रजी आठ काढला, साहेबांनी मान हलवली, झालं. रस्त्यावर तो आयुष्यभर स्कूटरच चालवत आला. सिंगापूरला आल्यावर कुणीतरी म्हणालं की भारतातलं लायसन असेल तर नुसती लेखी परीक्षा देऊन इथलं मिळतं. हा पुस्तक पाठ करून पहिल्या फटक्यात पास झाला आणि लायसन पाकिटात ठेवून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, फिरायला लागला. इथे गाडी घेणं आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नव्हतं, त्यामुळे त्याची भीती कधी उघडी पडली नाही. अमेरिकेत मात्र त्या लायसनावरून सगळ्यांनी गृहीत धरलं की हा माणूस गाडी चालवतो.

त्याला राहायला खोली मिळाली ती एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात. डोरोथी त्यांचं नाव. नवरा वारलेला, मुलं लांब. बाईंच्या किडन्या काम करत नव्हत्या, म्हणून आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन मशीनला लावून घ्यावं लागे. दवाखान्याची व्हॅन त्यांना न्यायला यायची. श्रीकांतला रोज ऑफिसात नेऊन आणणारा एक सहकारी होता. असं सगळं दुसऱ्यांच्या चाकांवर सुरळीत चाललं होतं. तो फोनवर बाईंचं बरंच सांगायचा. त्या त्याला श्री न म्हणता शेरी म्हणतात, बटाट्याचं सूप देतात आणि गॅरेजमध्ये नवऱ्याचा जुना ट्रक आहे तो आठवड्यातून एकदा नुसता चालू करून बंद करतात.

त्या वर्षी डिसेंबरात माझ्या सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. आई म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षिका, मराठी शाळेतल्या. हयात पाढे घोकून घेण्यात गेलेली. श्रीकांतलाही त्यांनीच तीसपर्यंत पाढे शिकवले, पट्टी हातात घेऊन. तर या आईंनी एके दिवशी श्रीकांतच्या बोलण्यात ऐकलं की बाईंचा ट्रक टू-व्हील ड्राइव्ह आहे. बाकी सगळं त्यांनी सोडून दिलं आणि टू-व्हील तेवढं धरलं. पुण्याच्या माणसाला टू-व्हील म्हटल्यावर दुसरं काय दिसणार. मला न विचारता त्यांनी पुण्याला नणंदेला फोन लावून सांगितलं की श्री तिकडे बर्फात टू-व्हीलरवर फिरतो. नणंदेने चिंचवडच्या नातेवाइकांना सांगितलं. चौथ्या दिवशी चिंचवडहून मला फोन आला की त्याला पार्सलने कानटोपी पाठव, हेल्मेटच्या आतून घालता येईल अशी. मी म्हटलं, काय तरी काय, तो बिचारा सहकाऱ्याच्या गाडीतून जातो येतो. कुणी विश्वास ठेवला नाही.

मग तिकडे मोठा बर्फ पडला. दोन दिवस अखंड. श्रीकांत सांगायचा की सकाळी पुढचं दार ढकललं तर उघडेना. ऑफिस बंद, सहकारी त्याच्या घरी अडकलेला, दवाखान्याची व्हॅन बंद. बाईंची एक खेप चुकली, मग दुसरी चुकायची वेळ आली. त्यांचे पाय सुजले, बोटांतली अंगठी निघेना, दोन उशा घेतल्याशिवाय झोपता येईना. अँब्युलन्सवाल्यांनी सांगितलं की नंबर लावलाय, वाट बघा. दवाखाना मात्र चालू होता, कसंही करून या म्हणत होता. अकरा मैल लांब. बाईंनी त्याला विचारलं होतं की ट्रक काढशील का, आणि तो नाही म्हणाला होता.

हे त्याने मला बुधवारी सकाळी फोनवर सांगितलं. आमच्या सकाळी सातला तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची, तीच आमची बोलायची वेळ. आई आंघोळीला गेलेल्या, ईरा झोपलेली, माझी ऑफिसला निघायची घाई. मी एका हाताने डबा भरत होते. काय बोलतेय याचा विचारही केला नाही. म्हणाले, "श्री, तू भित्रा तो भित्राच राहिलास."

बरं, ठेवतो, एवढं तो म्हणाला. मी डब्याचं झाकण लावलं आणि एलआरटी, आमच्या भागातली छोटी मेट्रो, पकडायला पळाले. दिवसभर मला ते वाक्य आठवलंसुद्धा नाही, हे मी आज लिहिते आहे तेव्हाही मला खरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी कॉलिंग कार्डवरून त्याला फोन लावला. तेव्हा ती कार्डं असायची. मागची चंदेरी पट्टी खरवडायची, आकडे दाबायचे आणि एक इंग्रजी बाई तुम्हाला किती मिनिटं उरलीत ते सांगायची. शाळांना वर्षअखेरची सुट्टी होती, म्हणून ईरा उठून दूध पीत बसली होती. आई पोहे निवडत होत्या. दोघींना बोलता यावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. श्रीकांतने उचलला तो धापा टाकतच. म्हणाला, पाच मिनिटंच बोलतो, मी ट्रक काढलाय, बाईंना घेऊन निघतोय. बाईंनी त्याला तासभर फावड्याने बर्फ उचलून ट्रकच्या मागच्या हौद्यात भरायला लावला होता. हौदा रिकामा असला की मागची चाकं जागच्या जागी फिरतात, ओझं असलं की पकडतात, असं त्या म्हणाल्या होत्या. रस्त्यात बर्फ म्हणून जाता येत नाही, आणि जाता यावं म्हणून बर्फच बरोबर घ्यायचा, हे माझ्या डोक्यात शिरेना.

मी म्हटलं, अरे, नको जाऊस.

"कालच तर म्हणालीस," तो म्हणाला. रागाने नाही, आपण पत्ता सांगतो तसा. मग ठेवतो म्हणाला.

आईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं होतं. त्यांनी विचारलं की एवढ्या आजारी बाईला तो टू-व्हीलरवर मागे कसं बसवणार, आणि तिने धरायचं कुठे. मला आधी हसू फुटलं. ईराची खेळण्यातली लॉरी टेबलावर पडली होती, ती उलटी करून मी त्यांना समजावायला बसले. ही बघा, चाकं चारच असतात आई, फक्त इंजिन मागच्या दोनच चाकांना फिरवतं. पुढच्या दोघांना मागची ढकलतात. रस्ता कोरडा असला तर काही फरक पडत नाही, पण निसरडं असलं तर मागची घसरतात आणि गाडी आडवी होते. हे बोलता बोलता माझं हसू जे गेलं ते गेलं. त्यांना समजावताना ते मलाच पहिल्यांदा समजत होतं.

तेवढ्यात फोनमधून दार आपटल्याचा आवाज आला.

फोन बंदच झाला नव्हता. त्याने बोट दाबलं होतं पण हातात जाड मोजे होते, बटण दाबलं गेलंच नव्हतं आणि फोन त्याने तसाच जॅकेटच्या खिशात टाकला होता. मी बंद करायला हात पुढे केला आणि आईंनी तो हात धरला. आम्ही तिघी त्या फोनभोवती बसलो. ईराने दुधाचा पेला खाली ठेवला.

पहिल्यांदा इंजिन ऐकू आलं, मग हीटरचा घरघराट, मग वायपर. आणि त्याखाली एक आवाज, तो मी कधी ऐकला नव्हता. जाडं मीठ पाट्यावर भरडावं तसा. तो बर्फ होता. बाई हळूहळू सांगत होत्या, एका लयीत. दुसऱ्या गिअरमध्ये सोड. पाय ठेव पण दाबू नकोस. ब्रेक विसरून जा, ब्रेक नाहीच असं समज. घसरलीच तर जिकडे घसरते तिकडेच चाक वळव. माझं इंग्रजी ऑफिसपुरतं बरं आहे, तरी मला तुटक तुटक कळत होतं. आईंना काहीच कळत नव्हतं. त्या ईराच्या तोंडाकडे बघत होत्या आणि ईरा आपल्या परीने त्यांना मराठीत सांगत होती. तिला तो खेळ वाटत होता.

मग एक चढ आला. इंजिन किंचाळलं, चाकं गरागरा फिरल्याचा आवाज आला, आणि बाई एकदाच पण खणखणीत म्हणाल्या, थांब. ट्रक मागे मागे येत असल्याचं आवाजावरून कळत होतं. थांबला. श्रीकांतचा श्वास ऐकू येत होता. बाईंनी विचारलं, शेरी, तू घाबरलायस का.

तो म्हणाला हो. खूप. आणि मग माझ्या नवऱ्याने, ज्याने लग्नाच्या नऊ वर्षांत मला आपल्या मनातलं धड काही सांगितलं नव्हतं, त्या परक्या बाईला इंग्रजीत सांगितलं की माझी बायको मला भित्रा समजते, आणि तिचं खरंच आहे.

मी मनात म्हटलं, आईंना इंग्रजी येत नाही, देव पावला. आणि त्याच क्षणी ईराने आजीकडे वळून, अगदी शहाण्या मुलीसारखं, सगळं मराठीत करून सांगितलं.

"पपा म्हणतो, ममाला वाटतं तो भित्रा आहे. आजी, भित्रा मीन्स स्केअर्ड, राइट?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी टेबलावरच्या पोह्यांकडे बघत बसले. जमीन फाटली तर बरं असं म्हणतात ना, दहाव्या मजल्यावर ती सोयही नाही.

तिकडे बाई हसल्या. खोकत खोकत हसल्या आणि म्हणाल्या, घाबरला नसतास तर मी तुझ्याबरोबर ट्रकमध्ये बसलेच नसते. पुन्हा दुसऱ्या गिअरमध्ये घे. आणि पाय एकसारखा ठेवायचा तर मनात काहीतरी मोजत राहा, माझा नवरा मोजायचा.

क्षणभर नुसता वायपर. मग श्रीकांतचा आवाज आला, बारीक, घसा बसलेला. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न.

मी पाढे ऐकलेत, म्हटलेत, ईराला शिकवायचा प्रयत्न करून हरलेही आहे. पण छत्तीस वर्षांचा माणूस बर्फात, अंधारात, एका सुजलेल्या म्हातारीला शेजारी बसवून सतराचा पाढा म्हणतोय हे ऐकताना मी जी हादरले ती आजही मला सांगता येत नाही. माझा नवरा त्या आवाजात सात वर्षांचा होता. इंजिन त्या पाढ्याच्या लयीत चाललं होतं. बाईंनी विचारलं की ही प्रार्थना आहे का, त्याने नाही, गणित आहे म्हणून सांगितलं आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. सतरा संपला की अठरा, अठरा संपला की परत सतरा, असं बराच वेळ चाललं. मधेच कार्डातल्या बाईचा आवाज घुसला, तुमची पाच मिनिटं उरली आहेत. ते फक्त आम्हाला ऐकू आलं असणार, त्याला नाही.

आई टेबलावर बोटाने ताल धरून बसल्या होत्या. शाळेत धरायच्या तसा.

पुढे एक पूल होता. बाई म्हणाल्या, पूल आधी गोठतो, पाय काढून घे आणि सरळ बघ. तो म्हणत होता, सतरा साती एकोणीसासे. सतरा अठ्ठे. आणि थांबला. पुढचं आलंच नाही. त्याजागी आला एक लांबलचक घसरत जाणारा आवाज, भरडणं अजिबात नाही, नुसतं घसरणं, आणि बाईंचं चाक वळव, चाक वळव.

आणि माझ्या सासूबाई, ज्यांना फोनवर मोठ्याने बोलायचीही लाज वाटते, त्या खुर्चीवरून अर्ध्या उठून फोनवर वाकल्या आणि वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "छत्तीसासे!"

पलीकडे श्रीकांत म्हणाला, "आई?"

आणि कार्ड संपलं.

त्यानंतर काय झालं ते मला सलग आठवत नाही. मी चपला न घालता लिफ्टने खाली गेले एवढं कळतं. ब्लॉकखालच्या दुकानातले चिनी काका नुकतं शटर वर करत होते. मला कार्ड हा शब्दच सुचेना, मी कानाला फोनसारखा हात लावून दाखवला. पाऊस धो धो कोसळायला लागला होता. वर येऊन पट्टी खरवडली, आकडे दाबले, चुकले, परत दाबले. फोन लागला तो त्याच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाला. परत लावला, परत तेच. दर वेळी तो अगदी नम्रपणे सांगायचा की मी आत्ता बोलू शकत नाही. अकरा वेळा मी ते ऐकलं. ऑफिसला कळवलं की आज येत नाही, कारण विचारलं तर म्हणाले, बर्फ पडलाय.

आमच्या खिडकीसमोरून एलआरटी जाते. ब्लॉकच्या जवळ आली की तिच्या काचा आपोआप धुरकट होतात, आतल्या माणसांना लोकांच्या घरात दिसू नये म्हणून. त्या सकाळी मी त्या काचा किती वेळा धुरकट होताना पाहिल्या कोण जाणे. बाहेर बांबूवर श्रीकांतचेच शर्ट होते, आईंच्या कपड्यांना जागा करायला कपाटातून काढून धुतलेले. ते पावसात बदाबदा भिजत होते आणि आम्हा दोघींपैकी कुणालाही बांबू आत घ्यायचं सुचलं नाही.

नऊच्या सुमाराला आई बोलल्या. मी वाटच बघत होते. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. त्या म्हणाल्या की श्री सात वर्षांचा असताना सतराच्या पाढ्याला अठ्ठ्यावरच अडायचा. वर्गात चाळीस मुलांसमोर त्या त्याला उभा करायच्या. दुसरी मुलं अडली तर सांगायच्या, हा अडला तर सांगायच्या नाहीत, बाईंचा मुलगा म्हणून सवलत नको. तो थरथरायचा. एकदा उभ्याउभ्या त्याची चड्डी ओली झाली. मग त्या म्हणाल्या, "भित्रा मीच म्हणायला लागले त्याला. सगळ्या वर्गासमोर. तू काय, ऐकून म्हणालीस."

मी ऐकून म्हटलं नव्हतं, माझं मीच म्हटलं होतं. तसं मी त्यांना सांगितलंही. त्यांनी मान हलवली. आम्ही सासू-सुना एकमेकींना कधी जवळ घेणाऱ्यातल्या नव्हतो, त्या दिवशीही घेतलं नाही. पण त्या उठून माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि ईरा टीव्हीसमोर झोपी गेली तरी आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.

साडेअकराला फोन वाजला. श्रीकांतच होता. तो म्हणाला की पोचलो, कधीच पोचलो, बाई मशीनवर आहेत, फोनची बॅटरी मेली होती, एका नर्सने आत्ता चार्जर शोधून दिला. पुलावर ट्रक पूर्ण आडवा झाला, कठड्याला मागचा कोपरा घासला आणि थांबला. म्हणाला, खिशातून आईचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं, मी मेलो आणि वर पण आईच पाढे घेतेय. हे सांगताना तो हसत होता, मी रडत होते, आई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मग आवाज बदलून त्याने विचारलं, "तुम्ही कुठपासून ऐकत होतात?"

मला त्या वेळी म्हणता आलं असतं की सगळं ऐकलं आणि चुकले मी. दोनच तर शब्द. पण मग त्याला कळलं असतं की आईने ऐकलं, मुलीने ऐकलं, मुलीने मराठीत करून सांगितलं. मी आईंकडे पाहिलं.

"फक्त पाढा," मी म्हणाले.

"हो रे, फक्त पाढा," आई म्हणाल्या.

त्याने सोडलेला श्वास मला अर्ध्या पृथ्वीवरून ऐकू आला.

पुढे तो फेब्रुवारीत परत आला. डोरोथीबाईंना त्याने त्या बर्फात आणखी चारदा नेलं आणलं. त्याला ट्रकचं वेड वगैरे काही लागलं नाही, परत आला तो परत एमआरटीनेच फिरायला लागला. पण आमच्या मराठी मंडळींत तो प्रसिद्ध झाला. गणपतीला, कोजागिरीला, कुणाच्याही घरी चार डोकी जमली की बर्फाची गोष्ट सांगा म्हणून आग्रह होतो. टू-व्हीलरची कानटोपी येते, हौद्यात बर्फ भरणं येतं, सतरा अठ्ठे येतं आणि खिशातून बोललेली आई येते. लोक पोट धरधरून हसतात. मीही हसते. मधला चढ त्यात कधी येत नाही, कारण तो फक्त त्याला ठाऊक आहे अशी त्याची समजूत आहे. दर वेळी त्या जागी तो जरा थांबतो, पाणी पितो आणि थेट पुलावर जातो. मी बघते ते.

मला वाटायचं, असंच राहूदे. उगाच जुनं कशाला उकरायचं. खरं तर मी त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठीच गप्प होते. कबूल केलं असतं तर माफी मागावी लागली असती आणि माफी मागायची मला सवय नाही. आईंनी कधी विषय काढला नाही. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. शेवटच्या आजारात त्यांनी श्रीकांतचा हात धरून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला होता, त्यांना बोलता येत नव्हतं. ते काय होतं ते मला कळलं होतं आणि तरी मी त्याला सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात ईरा ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये नापास झाली. आता वीस वर्षांची घोडी झाली आहे ती. पाऊस लागला, तिचे हात कापायला लागले, गाडी फुटपाथवर चढली. घरी येऊन स्वयंपाकघरात मला म्हणाली, सगळे म्हणतील पपाची मुलगी असून घाबरली. मग माझ्याकडे न बघता बांबूवरचे कपडे काढत म्हणाली, "बट पपा ऑल्सो स्केअर्ड वॉट. आय रिमेंबर, ममा. ही सेड सो. यू ऑल प्रिटेंड ओन्ली."

माझ्या हातातून पातेलं पडलं. चौदा वर्षं हे त्या पोरीच्या डोक्यात होतं. आजीला मराठीत करून सांगितलेलं वाक्यही असणार. आणि आईबाप इतकी वर्षं ती गोष्ट हसत हसत कापून सांगतात, हेही ती बघत होती. तिच्या वडिलांना जे शब्द बोलायला बर्फ लागला, ते आपल्या घरात बोलायचे नसतात, असं मी माझ्या मुलीला शिकवून बसले होते.

बाहेर आत्ताही पाऊस आहे. माझं अक्षर कुणाला लागत नाही आणि कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला मी कधी शिकले नाही. माझं सगळं लिखाण श्रीकांतच टाइप करून देतो. रविवारी सकाळी माझे कागद शेजारी ठेवतो, एक एक ओळ बोट ठेवून वाचतो आणि टाइप करतो, न बोलता. म्हणजे हे वाचणारा पहिला माणूस तू आहेस, श्री. चढापाशी आलास तेव्हा तुझं बोट थांबलं असेल.

फक्त पाढा नाही रे. सगळं ऐकलं होतं आम्ही. आणि माझं खरं नव्हतं.